कशावर बांधलं?

खंडारे सरांनी मला कधी "कशी आहेस" असं विचारल्याचं आठवत नाही. ते विचारायचे, "कशावर बांधलं?" वर्गात, जिन्यात, बुलढाण्याच्या बसस्टँडवर रसवंतीसमोर, कुठेही. समोरच्याच्या हातात प्रोग्राम असो की नसो. नवी पोरं गोंधळायची. जुन्यांना उत्तर पाठ असायचं: कोणता कंपायलर, त्याची कितवी आवृत्ती आणि त्यासोबतची कोणती स्टँडर्ड लायब्ररी. तिन्ही नीट सांगितलं की सर मान हलवायचे. एक जरी अडखळलं की म्हणायचे, "मंग ते तुयं नाही, उसनं हाय."

हे गौरवाचं लिखाण नाही. ते मला जमत नाही. मी पत्रकं लिहिते. पाण्याच्या प्रश्नावर, एका बाजूला काळी शाई, दुसऱ्या बाजूला मागण्या, खाली मुद्रकाचं नाव. पत्रकात माणसं दोनच प्रकारची असतात, आपली आणि त्यांची. खंडारे सर त्या दोन्हींत बसले नाहीत, म्हणून त्यांच्यावर आजवर एक ओळ लिहिली गेली नाही. ती न लिहिणारी मीच. ते कसं झालं, ते पुढे येईलच.

सर मेहकर तालुक्यातल्या डोणगावचे. बुलढाण्याच्या एका तंत्रनिकेतनात संगणकाच्या लॅबमध्ये निदेशक होते, कंत्राटी. दर जूनमध्ये नवा आदेश निघायचा. जुना आदेश संपला की मधल्या महिन्यात सर कोणाचेच नसायचे, तरी लॅबची किल्ली त्यांच्याकडेच असायची, कारण दुसऱ्या कुणाला ती लॅब चालवता येत नव्हती. जुनाट यंत्रं. प्रत्येकावर सरांनी पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर मार्करने कंपायलरची आवृत्ती लिहिलेली. पोरं म्हणायची, सरांनी कॉम्प्युटरचं बारसं केलं. कुणी एखाद्या यंत्रावर परस्पर नवीन काही टाकलं तर सर आधी पट्टी बदलायचे आणि मग रागवायचे. क्रम कधी उलटा झाला नाही. लॅबच्या दाराशी चपला काढायचे, आणि परीक्षेच्या दिवशी साहेब लोक बूट घालून आत शिरले की त्यांच्यामागून फडकं मारत यायचे.

आता ते लायब्ररीचं. हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि ते अवघडही नाही. प्रोग्राम लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही. अक्षरं साठवणं, याद्या करणं, मेमरीतली जागा मागून घेणं आणि काम झालं की परत करणं ही रोजची कामं एक तयार संच करतो. तो म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी. मोठ्या प्रोग्रामचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हातांनी तयार होतात आणि शेवटी लिंकर ते एकत्र जोडतो. एक तुकडा एका लायब्ररीवर बांधलेला आणि दुसरा दुसरीवर, असं झालं तर कधी लिंकर चुका दाखवून काम थांबवतो. ते बरं. पण तुकडा वेगळी फाईल म्हणून बाहेरून येत असेल, तर बऱ्याचदा लिंकर काहीच म्हणत नाही. प्रोग्राम सुरू होतो, चालतो, शहाण्यासारखा वागतो. आणि भलत्याच दिवशी मरतो. सर लिंकरच्या ओरडण्याला कधी घाबरले नाहीत. त्याच्या गप्प बसण्याला घाबरायचे.

आम्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलींना त्यांनी हे भांड्यांवरून समजावलं होतं. त्यांच्या गावात लग्नाच्या पंगतीसाठी समाजाची भांडी असतात. गंज, पराती, वगराळी, ताटं. प्रत्येकावर नाव टाकलेलं. सरांचे वडील विहारातल्या भांड्यांच्या कोठीचे राखणदार. भांडी नेताना वहीत लिहायची, आणून देताना त्याच वहीत खोडायची. गावात दुसरीही कोठी होती, दुसऱ्या लोकांची. पराती दिसायला सारख्याच. एका लग्नात घाईघाईत आमच्या पराती त्यांच्या कोठीत परत गेल्या, सर सांगत होते. तिथल्या माणसानं वही पाहिली, पराती मोजल्या, त्याचा हिशोबच जुळेना. त्यानं कोठीला कुलूप लावलं आणि त्या दिवशीचं दुसरं लग्न अडून बसलं. "मेमरी तशीच हाय. ज्यानं काढली त्याच्याच कोठीत परत गेली पाह्यजे. दोन लायब्ऱ्या म्हणजे दोन कोठ्या."

मी तेव्हाच आमच्याकडच्या पाणी समितीत जायला लागले होते. मला त्या गोष्टीत दुसरंच काही दिसलं. एका गावात दोन कोठ्या का, यांची भांडी त्यांना का चालत नाहीत, हे पत्रकात घालू, असं मी म्हणाले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "ते बी खरं हाय. पण मी आता मेमरीचं सांगून राह्यलो. दोन्ही एकदमच सांगशीन तं एकही कोणाले कळणार नाही." मला तेव्हा ते भित्रेपणाचं वाटलं. शिकवणारा, नोकरी कंत्राटी, म्हणून सावध. असं मी मैत्रिणींना सांगितलंसुद्धा.

एकदा प्रात्यक्षिक परीक्षेला पुण्याकडचे बाह्य परीक्षक आले. एका मुलाचा प्रकल्प त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर झकास चालला. परीक्षक खूश, पैकीच्या पैकी द्यायला निघाले. सर म्हणाले, सगळं पुसून लॅबच्या यंत्रावर पहिल्यापासून बांधून दाखवू दे. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. चालतंय ना, मग कशाला? सर म्हणाले, "त्याच्या घरी चालते साहेब. त्याच्या घरी कोणती लायब्ररी हाय ते त्याले मालूम नाही." परीक्षकांनी विचारलं, तुम्ही कुठले? डोणगावचा, सर म्हणाले. "वाटलंच," परीक्षक म्हणाले आणि आमच्या प्राचार्यांकडे पाहून हसले. प्राचार्यही हसले. मार्क मिळाले. परीक्षक जेवायला गेल्यावर सर त्या मुलाला घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी तो प्रकल्प पुन्हा बांधला. त्यातला अर्धा भाग चाचणीसाठीच्या लायब्ररीवर बांधलेला होता आणि अर्धा प्रत्यक्ष वापरासाठीच्या. मुलगा म्हणाला, सर, मार्क तर मिळाले होते. सर म्हणाले, मार्क त्यांनी दिले, हे मी देऊन राह्यलो.

सरांची आणखी एक गोष्ट मला तेव्हा फार खुपायची. मोठ्यानं बोललेलं त्यांना सहन व्हायचं नाही. मी सभेत बोलून आले, घसा बसलेला, की म्हणायचे, "जोरात सांगतलं म्हणून कंपाईल होत नाही, बाई."

पदविका झाली आणि मी नोकरी न धरता घरी, वरवट बकालला परतले. आमचा भाग खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात घेतलं की जीभ आखडते. ज्यांना पर्याय नाही ते तेच पितात. आमच्या वस्तीच्या शोभाताई पाणी समितीत माझ्यासोबत काम करायच्या, आणि त्यांचा नवरा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचा. एसटीनं जाणं, एसटीनं येणं, मधल्या दिवशी पडून राहणं. गोड्या पाण्याच्या नळासाठी वस्त्यांची यादी होत होती. कोणत्या बोअरला किती खार आहे यावर कोणती वस्ती आधी घ्यायची ते ठरणार होतं. आमची वस्ती गावाच्या टोकाला. सरकारी नमुने घेतले गेले ते चावडीजवळच्या बोअरचे, तिथलं पाणी त्यातल्या त्यात बरं. आमच्या बोअरपर्यंत कुणी आलंच नाही. म्हणून समितीनं ठरवलं की आपणच मोजायचं. एका संस्थेकडून खार मोजायचं मीटर मिळालं, आणि मी सरांकडे गेले.

सर लगेच हो म्हणाले नाहीत. आधी मीटरसोबत आलेली फाईल पाहिली. मीटर संगणकाशी त्या फाईलमार्फत बोलायचं. सरांनी ती उलटीपालटी तपासली आणि म्हणाले, ही त्यायच्या लायब्ररीवर बांधली हाय, आपली वेगळी. मग त्यांनी मीटरच्या कंपनीला पत्रं लिहिली. एक नाही, चार. आमच्याच लायब्ररीवर बांधलेली फाईल द्या, नाही तर तिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड द्या, आम्ही बांधून घेतो. आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मला म्हणाले, तुझे सर पाणी मोजणार आहेत की पत्रव्यवहार करणार आहेत? तीन आठवडे गेले. कंपनीनं फाईल पाठवली. सरांनी त्यावर सगळं नव्यानं बांधलं, सुट्टीच्या दिवशी लॅब उघडून. नमुन्याचं नाव टाइप करायचं, मीटरचा दांडा बाटलीत बुडवायचा, नाव आणि आकडा छापून येतो. बस्स. शोभाताईंनी एका दुपारी शिकून घेतलं.

आणि ते चाललं. महिनाभर आम्ही बोअर मोजत फिरलो.

वस्त्यांच्या यादीवरची सुनावणी सोमवारी होती. आधीच्या शुक्रवारी मीटर हापशाच्या ओट्यावर पडलं आणि फुटलं. संस्थेनं त्याच दिवशी दुसरं पाठवलं, नव्या धाटणीचं, सोबत नवी फाईल. नाव तेच, आतलं वेगळं. जुनी फाईल नव्या मीटरला ओळखेना. सर डोणगावला होते, वडील आजारी. मी फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला ते सांगायची गरज नाही. मी म्हणाले मला माहीत नाही. ते म्हणाले, थांब, ती पाहिल्याशिवाय लावू नको, मी सोमवारी पहिल्या गाडीनं येतो, सुनावणीच्या आधी बांधून देतो. मेहकरवरून बुलढाणा, रस्त्याचं काम चालू. पहिल्या गाडीचा काय भरवसा? चार बोअर मोजायचे राहिले होते. मी शनिवारी सकाळी नवी फाईल जुनीच्या जागी टाकली. प्रोग्राम सुरू झाला. शोभाताईंनी नमुन्याला नाव दिलं, "अ". आकडा आला. "ब". आला. "क", "ड". आमची पद्धतच ती, उन्हात उभं राहून कोण पूर्ण पत्ता टाइप करत बसतं? घरी जाऊन वहीतून नावं जुळवायची. मी सरांना फोन करून सांगितलं, लावली, चालू आहे, काळजी करू नका.

ते म्हणाले, "चालू असणं अन् बरोबर असणं, ह्या दोन गोष्टी हायेत बाई. सोमवारी मी येतो."

सोमवारी आम्ही पन्नासेक माणसं बुलढाण्याला गेलो. कार्यालयातल्या मोठ्या खोलीत टेबलाच्या पलीकडे अधिकारी, अलीकडे भाऊ, मी, शोभाताई आणि लॅपटॉप. भाऊ छान बोलले. आमचे आकडे पाहून अधिकारी जरा हलले, मी पाहिलं ते. मग म्हणाले, हे तुमच्या मशीनवरचं. माझ्यासमोर एक नमुना मोजून दाखवा. आम्हाला तेच हवं होतं. आमच्या बोअरची बाटली उघडली. शोभाताईंनी "अ" टाइप केला. अधिकारी म्हणाले, असं नाही चालणार, पूर्ण नाव लिहा. गाव, वस्ती, बोअर क्रमांक. रेकॉर्डला लागतं. शोभाताईंनी एका बोटानं सगळं लिहिलं. वरवट बकाल, मग वस्ती, मग बोअर. दांडा बुडवला. पडद्यावर क्षणभर आकडा दिसला आणि प्रोग्राम बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मी स्वतः केलं. बंद. मागून कुणीतरी हसलं.

"तुमचं मशीनच उभं राहत नाही," अधिकारी म्हणाले, "आणि त्याच्या आकड्यांवर मी यादी बदलू?"

त्याच वेळी सर दारात आले. घामानं शर्ट चिकटलेला, हातात पिशवी. त्यांनी खोली पाहिली, लॅपटॉप पाहिला, आणि मला विचारलं, "नाव किती लांब टाकलं?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं. नाव छोटं असेल तर लायब्ररी ते जवळच्याच खिशात ठेवते, कोठीतून जागा मागतच नाही. नाव लांब झालं की कोठी उघडावी लागते. नवी फाईल स्वतःची कोठी पोटात घेऊन आली होती. तिनं तिच्या कोठीतून जागा काढली आणि आमच्या प्रोग्रामनं ती आमच्या कोठीत परत केली. "अ", "ब", "क" करत वर्षभर मोजत बसलो असतो तरी ते कधी मेलं नसतं. पूर्ण नाव मागणाऱ्या माणसासमोरच ते मरायचं होतं.

सर अधिकाऱ्यांशी बोलायला पुढे झाले. आकडे खरे हायेत साहेब, मोजण्यात चूक नाही, जोडण्यात हाय, मले दोन तास द्या. अधिकारी त्यांच्या बोलण्यावर हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. त्यांनी फक्त पुढची फाईल ओढली. आमच्या वस्तीचं नाव यादीत आलं नाही.

आता माझा भाग. परतताना जीपमध्ये भाऊ म्हणाले, उद्या पत्रक निघालं पाहिजे. मी बसल्या बसल्या लिहिलं. मथळा होता, सुनावणीत संगणकाचा घातपात. यंत्रणेनं जाणूनबुजून आमचं यंत्र बंद पाडलं असं लिहिलं. फाईल मी बदलली हे मला माहीत होतं, भाऊंना माहीत होतं, जीपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. पत्रक दुसऱ्या दिवशी चार गावांत वाटलं गेलं. लोकांनी मुठी वळल्या. माझी वाहवा झाली.

चार दिवसांनी सर वरवटला आले. पहिल्यांदाच. पत्रक त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी ते उलगडलं. एका वाक्याखाली लाल रेघ होती, पोरांच्या वहीत मारायचे तशी. ते म्हणाले, हे खोटं हाय. मी म्हणाले, सर, लढाईत असं लिहावं लागतं, त्यांनी आमच्या बोअरपर्यंत न येणं हा घातपातच नाही का? तो बी लिही, सर म्हणाले, तो खरा हाय, त्याच्यावर चार पत्रकं लिही. पण हे काढ.

"चूक कोणती होती ते आपल्याले सापडली हाय. जे सापडलं ते सांगतलं तं ते लोक पुन्हा मोजतीन. घातपात म्हणशीन तं मोजणी कायची? मंग चौकशीच होईन फक्त. शोभाताईच्या मालकाले चौकशी पाजशीन काय?"

मी भाऊंना विचारते म्हणाले. विचारलंही. भाऊ म्हणाले, चूक कबूल केली की चळवळ संपली, तुझे सर मास्तर आहेत, त्यांना राजकारण कळत नाही. खुलासा निघणार नाही. मी वाद घातला नाही. मला पटलं होतं, असंही खोटं सांगणार नाही. वाहवा झाली होती, ती सोडवेना.

तेवढ्यात कॉलेजात सरांना नोटीस आली. शासनाविरुद्धच्या आंदोलनासाठी संस्थेची लॅब वापरली, कंत्राटी कर्मचाऱ्यानं खुलासा करावा. आमच्या पत्रकात घातपात लिहिलं होतं, म्हणूनच कुणीतरी शोधत निघालं की ते यंत्र बनवलं कुणी. सरांच्या खुलाशाची प्रत मी नंतर पाहिली. पाऊण पान. कोणत्या दिवशी लॅब उघडली, परवानगी कुणाची होती, कोणता कंपायलर, कोणती लायब्ररी. नवीन फाईल पुन्हा न बांधता वापरली गेल्यामुळे प्रोग्राम बंद पडला. कुणी वापरली, ते नव्हतं. खाली होतं, "प्रोग्राम मी दिला, तो दुसऱ्याची फाईल न तपासता घेत होता, ही त्रुटी माझी." परवानगी दिलेल्या प्राचार्यांनी आपल्याला आठवत नसल्याचं कळवलं. जूनमध्ये आदेश निघाले, त्यात सरांचं नाव नव्हतं. ज्या दिवशी किल्ली परत केली त्या दिवशी त्यांनी सगळ्या यंत्रांवरच्या पट्ट्या नव्यानं लिहिल्या होत्या, असं एका मुलीनं मला सांगितलं. पुढच्या महिन्यात रंगकाम निघालं आणि त्या सोलून टाकल्या.

आम्ही त्यांच्यासाठी मोर्चा काढला का? नाही. काढला असता तर लॅबमध्ये नक्की काय झालं हे सांगावं लागलं असतं.

सरांनी मग स्वतःच अर्ज केला. साध्या कागदावर, स्वतःच्या नावानं. सुनावणीत बंद पडलेला प्रोग्राम माझा होता, दोष अमुक होता, दुरुस्त केला आहे, फेरमोजणी करून पाहावी. कुणावर आरोप नाही, कुठली मागणी नाही. तो अर्ज घेऊन ते डोणगावहून बुलढाण्याला किती वेळा आले ते मला माहीत नाही. एकदा मी पाहिलं. आम्ही त्याच कार्यालयावर निदर्शनं करत होतो आणि सर व्हरांड्यातल्या बाकावर कागद मांडीवर घेऊन बसले होते. आमचा फलक आत शिरताना त्यांनी पाय आवरून घेतले. मी घोषणा देत होते. थांबले नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेला कुणीतरी तो अर्ज वाचला. फेरमोजणी लागली. सर स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन आमच्या वस्तीवर आले. या वेळी त्यांनी असं केलं होतं की मीटरच्या फाईलला नाव द्यायचंच नाही. तिच्याकडून फक्त आकडा घ्यायचा, आणि नाव शेवटपर्यंत आपल्याच घरात ठेवायचं. दोन लायब्ऱ्यांच्या दारातून साध्या आकड्याशिवाय काही न्यायचं-आणायचं नाही, म्हणजे कोण कशावर बांधलं याची भीतीच नको. ते मला नाही, शोभाताईंना समजावत होते. माझ्याशी ते नीटच बोलले, पाणी मागितलं, वडील गेल्याचं सांगितलं. अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या माणसानं गाव, वस्ती, तालुका, जिल्हा, पिनकोड असं सगळं टाइप केलं. आकडा आला. छापून निघाला. त्याच्यावर सही झाली. सरांनी दांडा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला आणि शोभाताईंच्या नवऱ्याजवळ थोडा वेळ बसून निघून गेले.

पुरवणी यादी आली तेव्हा आमच्या वस्तीचं नाव तिच्यात होतं. वर्षभरानं नळही आला. समितीनं बुलढाण्यात विजय मेळावा घेतला, बसस्टँडजवळच्या मोकळ्या जागेत. पत्रक मीच लिहिलं. आमच्या एकजुटीपुढे प्रशासन झुकलं. दोन्ही बाजू भरून लिहिलं. घातपात पुन्हा एकदा लिहिला, कारण पहिल्यांदा लिहिलेला खोडायची माझ्यात हिंमत नव्हती आणि जागा रिकामी दिसली असती. अर्जाचा उल्लेख कुठेच नव्हता.

मी हातगाडीवर उभी राहून माइकवर बोलत होते तेव्हा ते दिसले. मेहकरच्या गाडीची वाट पाहत फलाटाच्या कडेला उभे. डोणगावात कुठल्याशा सेवा केंद्रात लोकांचे फॉर्म भरून देतात असं ऐकलं होतं. जरा वाळले होते. शोभाताई पत्रकं वाटत होत्या. त्यांनी सरांना पाहिलं आणि पत्रक दोन्ही हातांनी पुढे केलं. सरांनी पत्रकाकडे पाहिलं नाही, आधी त्यांना काहीतरी विचारलं. शोभाताईंनी मला ते नंतर सांगितलं.

"नळ येते काय?"

"हाव सर. सकाळी अर्धा तास."

"गोड हाय?"

"गोड हाय."

त्यांनी मान हलवली. मग चष्मा वर करून पत्रक वाचलं. पहिली बाजू, मग उलटून दुसरी, मुद्रकाच्या नावापर्यंत. मी बोलत होते, आणि काय बोलत होते ते मला एक अक्षर आठवत नाही. गाडी लागली. सरांनी पत्रक होत्या त्याच घडीवर नीट मिटलं आणि शोभाताईंच्या हातातल्या गठ्ठ्यावर परत ठेवलं.

"दुसऱ्या कोणाले द्या," म्हणाले, आणि गाडीत चढले.